ज्या हातानं भाकर थापता

मी भोंगा बोलतोय. हळू बोलतोय म्हणून रागावू नका. पंचेचाळीस वर्षं ओरडण्यात गेली, आता जरा हळू बोलावंसं वाटतं. शिवाय मला आवाज वाढवणारं मशीन जोडलेलं नाही आणि समोर माईक धरून कुणी बसलेलं नाही. हा आवाज माझा स्वतःचा आहे. तो इतका बारीक असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

वाशीम जिल्ह्यात मानोरा हे तालुक्याचं गाव. तिथल्या 'हबीब साउंड सर्व्हिस'मध्ये वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. खाली काळी मोठी खोकी उभी आहेत, दाराएवढी उंच. वरातीत ती वाजली की आसपासच्या खिडक्या थरथरतात. ती मला आजोबा म्हणतात. म्हणोत बापडी. त्यांना गाणी वाजवता येतात. माझ्यातून मात्र माणसं बोलायची.

त्यातल्या एका माणसाबद्दल मला सांगायचं आहे. त्याच्यावर आळ आला होता. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण भोंग्याची साक्ष कोण काढतो? आमच्या तोंडात शब्द नेहमी दुसऱ्याचे. सहा वर्षं मी ते खरं घशात धरून या फळीवर बसलो होतो.

हबीबभाईंनी मला एकोणऐंशी साली अकोल्याहून आणलं. तेव्हा आमचा जिल्हाही अकोलाच होता. वाशीम वेगळा व्हायला अजून बराच अवकाश होता. एसटीच्या टपावर, कुणाच्या तरी बोचक्याशेजारी दोरीनं बांधून मी आलो. रंग राखाडी, तोंड धोत्र्याच्या फुलासारखं पसरट. हबीबभाई तेव्हा नवेकोरे दुकानदार होते आणि मी त्यांचा नवाकोरा माल. त्यांनी मला दुकानासमोर टांगलं, माईकमध्ये फुंकर मारली आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो, एक दोन तीन." झालं माझं बारसं.

पहिली कामं साधी होती. लग्नं, उरूस, भीमजयंती, गुरांच्या लसी. पोहरादेवीच्या यात्रेत हरवलेली लेकरं आईबापांना परत मिळवून द्यायचं काम मला फार आवडायचं. लाल झग्यातली पोर माईकपाशी हुंदके देत असायची आणि तिचे हुंदके माझ्यातून सगळ्या यात्रेला ऐकू जायचे. मग गर्दीतून एक बाई पदर सावरत पळत यायची. मला तेव्हा वाटायचं, आपण जगात आलो ते बरंच झालं.

मग निवडणूक आली. सन ऐंशी. एका जुन्या पक्षाचं चिन्ह नव्यानं पंजा झालं होतं. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना आधीची बैलजोडी ठाऊक होती, त्यानंतरचं गाय-वासरू ठाऊक होतं. आता हा पंजा त्यांना शिकवायचा कसा, याचा कार्यकर्त्यांना घोर लागला होता. जीपवर मला बांधून आम्ही जवळच्या इंझोरी गावाला गेलो. शहरातून आणलेला एक गृहस्थ माईकवर म्हणत होता, "सुज्ञ मतदार बंधू-भगिनींनो, आपले अमूल्य मत..." कुणी मान वर करून बघेना.

शेतातून बैल घेऊन येणारा एक बावीस-तेवीस वर्षांचा शेतकरी थांबला आणि हसायला लागला. "असं नाई समजत वो आमच्या बायायले. द्या इकडं." हबीबभाईंनी गंमत म्हणून माईक त्याच्या हातात दिला. त्यानं एक खोल श्वास घेतला. तो श्वास माझ्या अंगभर फिरला. आणि मग तो बोलला:

"रामराम, सलाम, जयभीम, जय सेवालाल, इंझोरीकर! मी इंद्रभान बोलून राह्यलो. माय-बह्यनींनो, ज्या हातानं भाकर थापता, त्याच हातावर शिक्का मारा!"

चुलीपुढच्या बाया पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि आपापल्या तळव्याकडं बघू लागल्या. एवढं सोपं होतं ते. शहरातला गृहस्थ जीपमध्ये मागं जाऊन बसला आणि पुन्हा बोलला नाही.

तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मी इंद्रभानच्या आवाजाच्या प्रेमात पडलो. माझ्यातून पुष्कळ आवाज गेले. पुढाऱ्यांचे गेले, कीर्तनकारांचे गेले, मंत्र्यांचे गेले. पण बाकीचे मला नळीसारखं वापरायचे. इंद्रभान बोलायचा तेव्हा मला वाटायचं, हे मीच बोलतोय.

त्याची एक रीत होती. प्रचार संपला की मतदान होईपर्यंत तो मौन धरायचा. घसा सोलवटलेला असायचा. गरम पाण्यात हळद टाकून प्यायचा आणि भाकरसुद्धा खुणेनं मागायचा. त्याची बायको कस्तुराबाई म्हणायची, "पाच वर्सातून हेच दोन दिवस माह्या सुखाचे." इंद्रभान त्यावर फक्त डोळे वटारायचा, कारण उत्तर देता यायचं नाही.

रीत हबीबभाईंचीही होती. सकाळी एका पक्षाचं काम आणि दुपारी दुसऱ्याचं असलं, की मधल्या वेळात ते ओल्या फडक्यानं माझं तोंड आतून-बाहेरून पुसायचे. "कुल्ला कर बेटा," म्हणायचे, "अब दूसरी पार्टी की बारी है." हबीबभाईंचा भोंगा सगळ्यांचा होता. इंद्रभान मात्र एकाच चिन्हाचा. दुसऱ्या पक्षाचं काम असलं की बोलायला दुसरा माणूस शोधावा लागे.

किती निवडणुका सांगू? आधी गावोगाव पंजाच पंजा होता. मग पोरं भगवे रुमाल बांधून धनुष्यबाण ओरडू लागली. बापाच्या ओट्यावर पंजा आणि लेकाच्या सायकलीवर धनुष्यबाण, अशी घरं मी मोजून थकलो. अठ्ठ्याण्णव साली वाशीम जिल्हा झाला, तेव्हा सगळ्याच पक्षांनी सांगितलं की तो आम्हीच आणला. ते सगळं मीच सांगितलं, फडकं मारून मारून. मग घड्याळ आलं, कमळ फुललं, कुठं शिट्टी, कुठं पतंग. पुढं पुढं तर पक्षच मधून चिरले आणि कालचं चिन्ह आज कुणाचं, हे विचारायला हबीबभाई तहसीलमध्ये फोन करू लागले.

लोकांनाही मी बघत होतो. आमच्याकडं माणूस पक्षाला धरून असतो असं म्हणतात, पण बहुतेकजण आपल्या साहेबाला धरून असतात. साहेब या गाडीतून उतरून त्या गाडीत बसले की अख्खा तांडा, अख्खं गाव त्यांच्यामागं उतरून बसतं. झेंडे तेवढे मागं राहतात. मग त्या कापडाच्या झोळ्या होतात, तुरीच्या ढिगावर झाकण होतं, एखाद्या झेंड्यात लेकरू निजतं. कापड चांगलं असतं, वाया घालवायचं कशाला?

यातूनच आमच्या भागाला एक सवय लागली. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. शेवटच्या संध्याकाळी भोंग्यावर जे येईल ते खरं, अशी ती सवय. एका निवडणुकीत इंझोरीच्याच एका अपक्ष उमेदवारानं शेवटच्या दिवशी पंजाला पाठिंबा दिला. तो पाठिंबा इंद्रभाननं माझ्यातून जाहीर केला आणि गावानं काहीएक न विचारता आपल्या माणसाचं चिन्ह सोडून पंजावर शिक्के मारले. मोठ्या लोकांचं शेवटच्या घडीला काहीतरी ठरतं, ते का ठरलं हे आपण विचारायचं नसतं, असं बायांनी तेव्हापासून मनाशी पक्कं केलं.

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

इंद्रभानला एक थोरला भाऊ आहे, जानराव. दोघांची घरं समोरासमोर आणि अंगण एकच. जानरावांची सून वैजयंती जिल्हा परिषदेला उभी राहणार हे ठरलं होतं. बोलकी, धीट, बचत गटाच्या बायांमध्ये वावरलेली. घर पंजाचं, तिकीटही पंजाचंच मिळणार असं सगळे धरून चालले होते. पण वाटाघाटीत आमची जागा मित्रपक्षाला सुटली, आणि यंत्रावर पंजा राहणारच नव्हता. वैजयंती अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं कपबशी.

इंद्रभानला हे आवडलं नव्हतं. "पंजा सोडून आपल्या घरचं कोनी उभं राह्यलं नाई, भाऊ," तो जानरावांना चारचौघांत म्हणाला होता. पण सून घरची होती. आठ दिवस तो बाजेवर बसून नवं वाक्य घोकत होता: "ज्या कपबशीत पाहुण्याले चहा देता, त्या कपबशीपुढचं बटन दाबा." चाळीस वर्षांत त्याला पाठ करावं लागलेलं हे पहिलं वाक्य.

शेवटचा दिवस उजाडला. हबीबभाईंचा ऑटो, टपावर मी, मागच्या सीटवर इंद्रभान. सकाळपासून जिल्हा परिषदेच्या सगळ्या गटात, गावोगाव फिरलो. कपबशी, कपबशी, कपबशी. शेवटची फेरी आपल्या गावात, असा इंद्रभानचाच हट्ट होता. इंझोरीत शिरलो तेव्हा दिवस कलला होता. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता आणि भाकरी थापण्याचा थप-थप आवाज येत होता. प्रचार थांबायला पाच मिनिटं उरली होती. एक हवालदार घड्याळाकडं बघत चौकात उभा होता.

इंद्रभाननं तो आवाज ऐकला. त्यानं श्वास घेतला. माझ्या ओळखीचा, चाळीस वर्षांपूर्वीचा तोच श्वास. मला तेव्हाच शंका आली.

"माय-बह्यनींनो," तो म्हणाला, "ज्या हातानं भाकर थापता, त्याच हातावर बटन दाबा!"

मला गिळता आलं असतं तर मी तो शब्द गिळला असता. पण भोंग्याला आलेलं सगळं बाहेरच टाकावं लागतं. तो शब्द गावाच्या पार शेवटच्या घरापर्यंत गेला. हबीबभाईंनी ब्रेक दाबला आणि मागं वळून बघितलं. तेवढ्यात हवालदारानं हात वर केला. "झाला टाइम. बंद करा." हबीबभाईंनी मशीन बंद केलं.

इंद्रभान रुमालानं तोंड पुसत होता. चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान होतं. काय बोललो ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे मौन सुरू झालं. हबीबभाई एक क्षण त्याच्याकडं बघत राहिले. एवढ्याशा शब्दावरून म्हाताऱ्याच्या जिवाला कशाला घोर, आणि धुराच्या वेळेला ऐकलं तरी कुणी असेल, असं त्यांना वाटलं असावं. ते काही बोलले नाहीत.

पण ऐकलं होतं. बायांनी ऐकलं होतं, आणि त्यांना वाटलं, शेवटच्या घडीला मोठ्या लोकांचं काही ठरलं असेल. मतदानाच्या दिवशी त्या रांगेत उभ्या राहिल्या, आत गेल्या आणि यंत्रावर पंजा शोधू लागल्या. तो कुठं सापडणार? धुरपताबाई नावाची एक म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "हात दिसलाच नाई वो. वरून खाली, खालून वर पाह्यलं. मंग सगळ्यात खालचं दाबून आली." सगळ्यात खालचं बटण म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'.

वैजयंती एक्केचाळीस मतांनी पडली. एकट्या इंझोरीत त्या खालच्या बटणावर त्रेसष्ट मतं होती.

निकाल ऐकला आणि हबीबभाईंनी इंद्रभानला खरं काय झालं ते सांगितलं.  तसाच तो ऑटोत बसला आणि आम्ही इंझोरीला गेलो. मी टपावरच होतो, म्हणून सगळं पाहिलं. जानराव ओट्यावर उभे होते. दारात वैजयंती. त्या संध्याकाळी दोघं दुसऱ्या गावी होते; भोंग्यावर काय आलं ते त्यांना गावानं निकालानंतरच सांगितलं होतं.

"कायले आला?" जानराव म्हणाले.

"भाऊ, माही जीभ चुकली."

"चाळीस वर्स नाई चुकली तुही जीभ. आजच कशी चुकली? तुले पह्यलेपासूनच पटलं नोयतं. तू फुटला, इंद्रभान. घरच्या सुनेचा घात केला तुनं."

"भाऊ, आयक तरी..."

"आता तुही आयकायची नाई मले."

वैजयंती दारातून काहीच बोलली नाही. हबीबभाई पुढं झाले, तर जानराव त्यांनाही म्हणाले, "तुमचा भोंगा तं बाजारचाच हाय, हबीबभाई. सकाळी याचा, दुपारी त्याचा. तुमी नका शिकवू." हबीबभाईंनी मान खाली घातली. आपण त्या संध्याकाळीच का बोललो नाही, हे त्यांना आजही खातं. फळीखाली बसून ते कधी कधी स्वतःशी बोलतात, तेव्हा मी ऐकतो.

मला त्या क्षणी ओरडायचं होतं, अहो जानराव, हा फुटला नाही! याला पंजा आवडायचा हे खरं आहे, चाळीस वर्षांचं प्रेम आठ दिवसांत कुठं जातं? पण घात त्यानं केला नाही, भाकरीच्या आवाजानं त्याची जीभ वळली, मी आत होतो, मला ठाऊक आहे! पण मशीन बंद होतं.

इंद्रभाननं माईकवर गुंडाळायचा आपला रुमाल सोडून हबीबभाईंच्या हातात दिला. "ठेव, हबीब. हा आवाज आता कोनाच्याच कामाचा नाई." दुसऱ्या दिवशी जानरावांनी अंगणाच्या मधोमध कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण घातलं.

त्यानंतर सहा वर्षं मी त्याची ती 'रामराम, सलाम, जयभीम'ची सलामी ऐकली नाही. लोकसभा झाली, विधानसभा झाली. आता प्रचार पेनड्राईव्हमधून होतो. त्यातली एक बाई 'ताई, माई, अक्का' म्हणते. आमच्याकडं अक्का कोण म्हणतं? तिला इंझोरी ठाऊक नाही, चुलीवरची वेळ ठाऊक नाही. खोकी तिची गाणी दणदणा वाजवतात आणि लोक मोबाइलमध्ये बघत बसतात. हबीबभाई दर शुक्रवारी माझ्यावरची धूळ झटकतात आणि इंद्रभानचा रुमाल माझ्या तोंडात कोंबून ठेवतात, कोळ्यानं घर करू नये म्हणून. मला त्या रुमालाचा वास येतो. फार आठवण येते हो त्याची.

आणि मग मागच्या महिन्यात वैजयंती दुकानात आली.

निवडणूक पुन्हा लागली आहे आणि ती पुन्हा उभी आहे. चिन्ह पुन्हा कपबशी. सोबत काठी टेकत जानराव होते. पंच्याहत्तरी उलटलेली.

"हबीबभाई, ते गान्याचे डब्बे पाह्यजेत दोन," जानराव म्हणाले. "ऑटो आमचा लावतो."

हबीबभाईंनी खुर्ची पुसून दिली. "ले जाओ, जानरावभाऊ. पर एक बात बोलू? डब्ब्यानं मत नाई भेटत. इंद्रभानले सांगा."

"त्याचं नाव काढू नका."

वैजयंती तोवर माझ्याकडं बघत होती. ती खुर्चीवर बसली नव्हती. म्हणाली, "मामाजी, मले आज सांगूच द्या. घरी सांगतलं असतं तं तुमी उठून गेले असते. हितं चारचौघांत बसा."

"काय?"

"मी यंदा घरोघरी जाऊन राह्यली ना. धुरपताबाईच्या घरी गेलती. म्हतलं, मागच्या खेपेस तुमी खालचं बटन काहून दाबलं? हसल्या. म्हने, मी एकटीच का? तुही काकू माह्या मांगंच होती लाइनीत, तिलेबी हात नाई दिसला."

"कोन काकू?"

"आपल्या काकू. कस्तुराबाई."

 हबीबभाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मी काकूले विचारलं," वैजयंती सांगत होती. "कुंपनाच्या भोकातून विचारलं. त्या रडल्या, मामाजी. म्हने, ह्यायच्याच तोंडून भोंग्यावर आयकलं, वाटलं शेवटल्या टायमाले काही ठरलं असन. घरी आले तं ह्यायचं मौन. कोनाले विचारू? सहा वर्स झाले, काकूनं हे काकाजीलेबी सांगतलं नाई. लाजेनं."

जानराव काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते.

"ज्याले घात करायचा असते तो आपल्या बायकोले तं सांगते ना, मामाजी? सोताच्या घरात कोनी चुकू देते का? काकाजीची जीभच चुकली. मी तवा दारात उभी होती अन बोलली नाई. मले वाटे, मी हरली, मले राग करायचा हक हाय."

हे मी सहा वर्षं सांगू पाहत होतो, आणि ते त्या पोरीनं एका दमात सांगून टाकलं.

 जानराव उठले, फळीपाशी आले आणि काठीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हा चालते का अजून?"

"चलता है," हबीबभाई म्हणाले.  "बुढ्ढा झाला, पर चलता है."

"मंग काढा. डब्बे राहू द्या."

हबीबभाईंनी मला खाली घेतलं, तोंडातला रुमाल काढला आणि जुन्या सवयीनं ओलं फडकं फिरवलं. "कुल्ला कर बेटा," म्हणाले. पुढची पार्टी कोणती ते मात्र म्हणाले नाहीत.

इंझोरीत पोचलो तेव्हा पुन्हा दिवस कलला होता आणि पुन्हा तीच थप-थप चालू होती. ऑटो कुंपणाला लावला. जानरावांनी माईक घेतला तो उलटाच. हबीबभाईंनी सरळ करून दिला. आयुष्यात ते कधी माईकवर बोलले नव्हते. 'हॅलो' म्हणायचं असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"इंद्रभान," ते म्हणाले आणि स्वतःचाच आवाज एवढा मोठा ऐकून दचकले. माझा घसा खरखरत होता, तरी मी जीव एकवटला. "इंद्रभान, मी जानराव बोलून राह्यलो. मले समजलं, बावा. तू नाई फुटला. मीच तुले अंगनाभाईर उभं ठेवलं. सहा वर्स. माहा वाला राग मोठा झाला, अन तू लहान भाऊ होता. भाईर ये."

गाव गोळा झालं. धुरपताबाई लगबगीनं आली आणि शेजारणीला विचारू लागली, "काय म्हने व? कोनाले पाठिंबा देल्ला?"

आधी कस्तुराबाई बाहेर आली. हात पिठाचे. तिच्यामागं इंद्रभान. मी त्याला सहा वर्षांनी बघत होतो. केस पांढरे झाले होते आणि चालण्यात बाक आला होता. त्यानं कुंपणाच्या दोन पऱ्हाट्या उपटल्या, बाजूला ठेवल्या आणि अंगण ओलांडून आला. जानरावांनी माईक त्याच्यापुढं केला.

त्यानं श्वास घेतला. तोच.  मला वाटलं, आता येणार: रामराम, सलाम, जयभीम, जय सेवालाल. त्याची मान हलली, ओठ हलले, आणि काही आलंच नाही. खूप वेळानं एकच शब्द आला.

"भाऊ."

बंधूंनो, भावांनो, हे शब्द माझ्यातून किती वेळा गेले असतील त्याला गणती नाही. पण एका माणसानं एका भावासाठी तो शब्द माझ्यातून पहिल्यांदाच काढला. आणि त्या शब्दाबरोबर माझ्या घशात काहीतरी तुटलं. हबीबभाई नंतर म्हणाले की आतलं आवाजाचं युनिट उडालं. जुनं होतं, कधीतरी जायचंच. पुढं त्या अंगणात काय बोलणं झालं ते मी गावाला ऐकवू शकलो नाही, आणि ते बरंच झालं. ते गावासाठी नव्हतं.

आता मी पुन्हा फळीवर आहे. असं युनिट आता मिळत नाही म्हणतात. मतदान दोन दिवसांवर आलंय. वैजयंती जिंकेल की पडेल, मला ठाऊक नाही. आमच्या जिल्ह्याचा अंदाज भल्याभल्यांना आला नाही. इंद्रभाननं यंदा मौन धरलं नाही असं हबीबभाई सांगत होते. जानरावांचा हात धरून तो दारोदार जातो आणि हळू आवाजात, एकेका चुलीपुढं बसून कपबशी समजावून सांगतो. त्याला आता भोंगा लागत नाही.

मला आनंद आहे. खरंच आहे. पण तुमच्यापाशी लपवत नाही, थोडं दुखतं.

तेव्हा एक विनंती आहे. कधी इंझोरीला गेलात आणि अंगणात एका बाजेवर बसलेले दोन म्हातारे दिसले, तर धाकट्याला म्हणावं, मानोऱ्याच्या फळीवरचा भोंगा तुझी वाट बघतोय. बाजाराला आलास की एकदा दुकानात ये. तुझा रुमाल माझ्या तोंडात आहे, तो काढ, तोंड जवळ आण आणि तुझी ती सलामी हळूच म्हण. मशीन लागत नाही आणि मतही कुणाला द्यायचं नाही. आजवर तुझं बोलणं मी दुसऱ्यांना ऐकवत आलो, आता एकदा मला ऐकायचं आहे.